न हलण्याचा हंगाम

भात पिकायला लागलं की मला माणसं नकोशी होतात. तशी ती मला बाराही महिने फारशी हवीशी नसतात. पण दसरा जवळ आला, ओटीवरून दिसणारी आमची खाचरं पिवळी पडू लागली, सकाळच्या दंवात पिकल्या लोंब्यांचा तो किंचित दुधाळ, किंचित आंबूस वास घरात शिरला, की माझ्या दोन खांद्यांच्या मधोमध काहीतरी ताठ होतं. दुखत नाही आता. नुसतं आठवतं. दोनेक वर्षांपूर्वीच्या अशाच कापणीत मी रोज सकाळी एका गारठलेल्या खोलीत, एका अरुंद फळीवर, प्लास्टिकच्या जाळीखाली निश्चल पडून असायची आणि बाहेर सगळा गाव माझ्याविषयी मतं देत हिंडत असायचा.

मी शहापूरला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. टेबलापलीकडच्या माणसांचं ऐकण्यात निम्मी हयात गेली. त्यामुळे माणसांविषयीचा माझा तुच्छभाव आजारपणातून आलाय, असं कुणी समजू नये. तो नोकरीत मुरलेला आहे. आजारपणाने त्याला फक्त सवड दिली. राहायला आम्ही आटगावजवळ. माझा नवरा अरुण इथल्याच एका कंपनीत पाळीवर जातो. मोठे दीर आणि शोभाताई, म्हणजे माझी जाऊ, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. घरामागे दोन्ही भावांची सामाईक शेती आहे. कापणीच्या दिवसांत अंगण, ओटी, अंथरूण, केस, सगळीकडे भाताचं तूस असतं आणि सगळ्यांच्या अंगाला खाज सुटलेली असते. त्या वर्षी मला खाजवायचीही बंदी होती.

दुखणं आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, सुरू झालं. आवणी करून बायकांच्या पाठी दुखतातच, म्हणून पहिला महिना कुणी, मीसुद्धा, लक्ष दिलं नाही. नंतर रात्री कूस बदलताना ओरडायला व्हायला लागलं, तेव्हा सगळ्यांनी लक्ष दिलं आणि एकमताने निदान केलं: गादी सरकली. आपल्याकडे पाठ दुखणाऱ्या प्रत्येक माणसाची गादी सरकलेली असते. ती मुळात असते कशी, सरकून जाते कुठे, हे सांगणाऱ्यांपैकी कुणीही पाहिलेलं नसतं. मोठ्या दिरांना मुरबाडच्या बाजूचा एक हाडवैद्य ठाऊक होता. ठाऊक म्हणजे, त्यांच्या मित्राच्या मेव्हण्याला त्याचा गुण आला होता. अरुण गप्प बसला. अरुण नेहमीच गप्प बसतो. मग दिरांनी मला गाडीत घालून नेलं.

त्या माणसाच्या पडवीत भिंतभर फोटो होते. पुढारी, एक कीर्तनकार, एक फौजदार, सगळ्यांच्या खांद्यावर त्याचा हात. ज्यांची हाडं बसवली त्यांच्यापैकी एकाचाही फोटो नव्हता. त्याने मला पालथं निजवलं, कोमट तेल ओतलं, पाठीत गुडघा रोवला आणि दोन्ही खांदे धरून मागे खेचले. माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला. आत कुठेतरी कट्ट झालं.

"बसली!" तो म्हणाला.

दिरांनी अशी मान डोलावली की जणू त्यांनीच बसवली.

पुढच्याच आठवड्यात कचेरीच्या जिन्यात माझ्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि मला कळलंच नाही. अनवाणी पायाने मी टेबलापर्यंत पोचले. शिपाई मागून चप्पल घेऊन आला आणि "मॅडम, लक्ष कुठंय?" म्हणून हसला. मी पण हसले. मग कल्याणला मोठ्या यंत्रात घालून फोटो काढले, सुईने तुकडा काढून तपासायला दिला, आणि अखेर एका डॉक्टरने पडद्यावर माझा कणा उभा केला. मानेखालच्या एका मणक्यात गाठ होती. मणका कुरतडून ती आतल्या मज्जारज्जूला टेकली होती. चिरून काढायला जागा अवघड, पण किरणांनी दबण्यासारखी होती. वेळ घालवला असता तर दोन्ही पाय गेले असते.

"मधे कुणाकडून चोळून, ओढून वगैरे घेतलंत का?" त्याने विचारलं.

दीर खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर एक पाण्याची टाकी होती.

त्यानंतर माणसं यायला लागली. शहाळी, सफरचंदं, बिस्किटांचे पुडे आणि तोंडं घेऊन. आल्यावर पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं, मान तिरकी करायची आणि विचारायचं, "कसं वाटतंय?" काय सांगायचं असतं यावर? बरं वाटतंय म्हटलं तर त्यांना खोटं वाटतं, वाईट वाटतंय म्हटलं तर ते अर्धा तास जास्त बसतात. एक जण म्हणाला, हलू नका. दुसरा म्हणाला, पडून राहू नका, आखडाल. विहारातले एक वयस्कर काका आले आणि श्वासावर लक्ष ठेवायला सांगून गेले. त्यांचा स्वतःचा श्वास तंबाखूने भरलेला होता, त्यामुळे मला लक्ष ठेवणं भागच पडलं. अरुणचा एक दोस्त म्हणाला, "वहिनी, पॉझिटिव्ह राहायचं फक्त." हा माणूस बायकोला न सांगता अर्धा पगार लॉटरीत घालतो. तोही पॉझिटिव्हच.

पाठीला पट्टा, मानेला कॉलर, आणि पडून राहून सगळ्यांच्या नाकपुड्या खालून बघणं. माणसाची किंमत कळायला ही जागा फार चांगली आहे.

किरणं द्यायच्या आधी साचा करतात. आमच्या गावात किरणांना 'शेक' म्हणतात, कुणी 'लाइट' म्हणतात. 'साचा' हा शब्द मात्र कुणाला ठाऊक नव्हता, आणि मीही कुणाला सांगितला नाही. सांगितला असता तर तो बघायला माणसं आली असती. प्लास्टिकची एक भोकाभोकांची पांढरी चादर असते. ती गरम पाण्यात बुडवली की कणकेसारखी मऊ होते. मला डोक्याखाली घट्ट उशी देऊन उताणं निजवलं, खांदे खाली ओढून धरायला लावले, आणि ती वाफाळती चादर तोंडावर, गळ्यावर, खांद्यांवर अंथरून दोघांनी चारी बाजूंनी दाबली. आधी उबदार वाटलं, अंगावर ओलं फडकं टाकल्यासारखं. मग ते गार होत गेलं आणि आक्रसत गेलं. नाकाचा शेंडा, हनुवटी, गळ्याचं हाड, जिथे जिथे मी होते तिथे ते चिकटून कडक झालं. कडेच्या खुट्ट्या फळीला खटाखट बसल्या. गिळता येत होतं, श्वास घेता येत होता, बाकी काही येत नव्हतं. गाठीवर नेम धरून सोडलेले किरण तसूभरही सरकले तर शेजारच्या रज्जूला लागतात, म्हणून हा बंदोबस्त.

"घाबरू नका," तिथला मुलगा म्हणाला.

मी घाबरले नव्हते. मला राग आला होता. उभ्या आयुष्यात माझ्या तोंडाचं इतकं काळजीपूर्वक माप कुणी घेतलं नव्हतं, आणि घेतलं तेही ते बंद करण्यासाठी.

रोज कल्याणच्या दवाखान्यात जायचं तर नेणार कोण? रेल्वेचे धक्के मला चालणारे नव्हते, अरुणला रोज सुट्टी मिळणारी नव्हती. इथे आमच्या भागातले पुढारी, भाऊ, उगवले. भाऊंचं नाव सांगत नाही. ते गाडीवर होतं. गाडीच्या दोन्ही अंगांना खिडक्यांपेक्षा मोठे हात जोडलेले भाऊ, मागच्या काचेवर हसणारे भाऊ, आणि वर 'आरोग्यरथ'. पहिल्या दिवशी आटगाव फाट्यावर ते स्वतः नारळ घेऊन हजर. गाडी खर्डीहून आली होती आणि तिच्यात आधीच एक म्हातारी मागच्या बाकावर गुडघे दुमडून निजली होती.

"दोघींना जरा उभ्या करा ना गाडीपुढे," भाऊ म्हणाले.

"मला उभं राहायची मनाई आहे," मी म्हणाले.

"दोनच मिनिटं, ताई."

"माझा मणका तुमच्या दोन मिनिटांसाठी थांबणार नाही."

भाऊ हसले, या लोकांना हसण्याव्यतिरिक्त दुसरा चेहरा नसतो. म्हातारीला मात्र तिच्या मुलाने काखेत धरून उभं केलं. तिच्या हातात नारळ दिला, फोटो निघाला. संध्याकाळी तो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. म्हातारीचे डोळे मिटलेले, आणि खाली ओळ: भाऊंच्या प्रयत्नाने कर्करोगावर मात. तोवर आम्हा दोघींच्या अंगाला एक किरणही लागला नव्हता.

म्हातारीचं नाव ठकीबाई. खर्डीपलीकडे रानाच्या कडेला कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. मुलाचं नाव भिवा. दिवाळीच्या आसपास ही माणसं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. ठकीबाईला छातीत गाठ होती. ती तिने लुगड्याआड बरेच दिवस ठेवली, आणि आता तो रोग तिच्या कमरेच्या मणक्यात उतरला होता. पाय ओढत चालायची. माझ्यासारखं जाळीचं तोंड तिला नव्हतं. तिच्यासाठी एक निळी गादी होती. आत बारीक मणी भरलेली. तिच्यावर माणूस निजला की यंत्राने हवा ओढून घेतात, आणि ती गादी त्या माणसाच्या पाठीच्या आकारात दगडासारखी घट्ट होते. रोज त्याच खोलगट साच्यात निजायचं. अंगावर खुणेसाठी सुईने बारीक ठिपके गोंदतात, भिंतीतून येणाऱ्या लाल रेघा त्या ठिपक्यांवर आल्या की माणूस जागेवर आला असं समजायचं. ठकीबाईच्या कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर गोंदण होतं. गाडीत तिने लुगडं सारून तो नवा ठिपका मला दाखवला.

"बग गो. येवडासा. यो काय गोंदन झाला?"

तिच्या आवाजातली ती तुच्छता ऐकून मला त्या महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

तरी ती मला आवडली असं नाही. ती फार बोलायची. मिश्रीचा वास यायचा. रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाची तिला ओळख होती आणि मी फक्त गाडीचं छत बघू शकते हे तिला पटत नव्हतं. "बग ना, कुडा फुटलाय," म्हणायची. मी म्हणायची, "मला मान वळवता येत नाही." ती म्हणायची, "मग आयक," आणि झाडाचं वर्णन करायची.

एक दिवस अरुणची सकाळची पाळी होती म्हणून शोभाताई माझ्यासोबत निघाल्या. गाडीत पाय ठेवला आणि पदर नाकाला गेला.

"हिच्या शेजारी बसायचं?" त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या. त्यांचं कुजबुजणं शेजारच्या आळीत ऐकू जातं.

आमच्या सासूबाईंना याच भागात विहिरीपासून लांब उभं राहून, कुणी वरून पाणी ओतेपर्यंत वाट पाहावी लागली होती. ही गोष्ट शोभाताई दर जयंतीला विहारात माइकवरून सांगतात, आवाज कापरा करून. लोक डोळे पुसतात. त्या दिवशी मी फळीसारखी पडलेली नसते, तर त्यांना गाडीतून खाली उतरवलं असतं. मी एवढंच म्हणाले, "ताई, माइक आणू का?"

त्यांना कळलं नाही. त्या पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. ठकीबाईने सगळं ऐकलं होतं.

"बसू दे गो तिला पुढं," ती म्हणाली. "पुढून डोंगर बेस दिसतान."

माझं आत काय चालायचं तेही सांगते, कारण नंतर खूप जणांनी विचारलं आणि मी खोटी उत्तरं दिली. खुट्ट्या लावून, रेघा जुळवून ती मुलं बाहेर जातात. जाडजूड दार बंद होतं. यंत्राचं मोठं डोकं गुरगुरत तुमच्याभोवती फिरतं, आणि सगळं जग दाराच्या पलीकडे असतं. काही जण म्हणे तिथे देवाचं नाव घेतात, काही आकडे मोजतात. मी रोज एक माणूस निवडायची आणि त्याचा मनापासून तिटकारा करायची. सावकाश, एकेक पदर सोलत. हाडवैद्याला तीन दिवस पुरवला. भाऊंना चार. दिरांना, शोभाताईंना, लॉटरीवाल्याला, कचेरीतल्या त्या साहेबाला, ज्याने "बायकांना सुट्टीचं निमित्तच लागतं" म्हटलं होतं. एखाद्याचं नाक, त्याची खोटी खाकरणी, त्याचं शहाळ्याला बोट लावून "घ्या ना" म्हणणं, सगळं डोळ्यांपुढे आणायची, आणि इतकी गुंगून जायची की दार उघडल्यावर वाईट वाटायचं.

"तुम्ही किती छान निश्चल पडता!" तिथला मुलगा म्हणाला. "मेडिटेशन करता का?"

"हो," मी म्हणाले.

ठकीबाईला मात्र ते जमत नव्हतं. तिला आत नेलं की दहा मिनिटांत दार उघडायचं, मुलं धावत आत जायची, पुन्हा रेघा जुळवायची, पुन्हा बाहेर. पुन्हा तेच. चौथ्या की पाचव्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण, हुशार चेहऱ्याच्या, घाईतल्या. भिवाला म्हणाल्या, "पेशंट कोऑपरेट करत नाहीत. सारख्या हलतात. असं हलत राहिल्या तर किरणं भलतीकडे लागतील. रोज भूल देण्याइतकी त्यांची छाती बळकट नाही. उद्या शेवटचं बघू, नाहीतर थांबवावं लागेल. घरी गोळ्या देऊ दुखण्याच्या."

भिवाने मान हलवली. त्याच्या वाडीतली निम्मी माणसं भट्टीवर जायला निघाली होती, ट्रक कधीही आला असता. गाडीत बसल्यावर तो आईला म्हणाला, "नेतो घरी. बास झाला."

"आनि पाय?" ठकीबाईने विचारलं.

  त्यानंतर आटगाव जवळ येईस्तोवर ती झाडांविषयीसुद्धा बोलली नाही. छताकडे बघत मी पडले होते आणि मला तिचं ते गप्प राहणं सहन होईना. मग मी विचारलं, कचेरीत विचारते त्याच आवाजात:

"तुम्ही हलता का आत?"

"मी कशाला हलू? दगडावानी निजते."

"मग ते म्हणतात ते काय खोटं?"

"त्या पेटीतून पोर इचारते ना गो. 'आजी, ठीक हाय?' मंग हुतर नको देव?"

"द्या की उत्तर. पडल्या पडल्या."

ती जवळजवळ उठून बसली. "पडून? येवडी मोठी दवाखान्याची मानसा इचारतान, आनि मी उतानी पडून बोलू? माजी आय मेली नसती तं थोबाड फोडला असता."

असं होतं ते. खोलीत माइक आणि स्पीकर असतो. बाहेरून पडद्यावर बघणारी मुलगी दर थोड्या वेळाने प्रेमाने विचारायची, आजी, ठीक आहे ना? आणि ठकीबाई, कुणी मोठ्या माणसाने हाक मारली तर माणूस उठून बोलतो या रीतीने, कोपर टेकून मान उचलायची आणि आवाजाच्या दिशेने वळून सांगायची, "बरी हाय गो बाय." कमर साच्यातून सरकायची. यंत्र थांबायचं. पुन्हा जुळवाजुळव, पुन्हा दार बंद, आणि पुन्हा अधिकच काळजीने: आजी, ठीक आहे ना?

मला हसू फुटलं. हसले की पाठीत कळ यायची, तरी हसले. सगळ्या जगाचा रोग एका खोलीत सापडला होता. मग राग आला. इतके दिवस इतक्या शिकलेल्या माणसांनी तिला हलू नका, हलू नका म्हणून सांगितलं, आणि का हलता हे एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. स्ट्रेचरवरून माणूस जितक्या रुबाबात गाठू शकतं तितक्या.

"तुम्ही विचारता म्हणून ती हलते," मी म्हणाले. "विचारू नका."

"पण पेशंटला धीर वाटावा म्हणून..."

"तिला धीर वाटत नाही. तिला उठावंसं वाटतं."

"आम्ही अजिबात बोलायचं नाही असं कसं? काही झालं तर?"

"पडद्यावर दिसतं ना तुम्हाला? दुखलं तर हात वर करायला सांगा. बाकी तोंडं बंद ठेवा. जमेल का?"

मला माहीत आहे, हे असं बोलायचं नसतं. त्यांचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी भिवाला पडद्यापाशी बोलावलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. भिवाने आधी घोटाळाच केला. माइकवरून आईला सांगू म्हणाला, आणि "आये" एवढं म्हटल्याबरोबर आतून "काय रं?" करून ठकीबाई कोपरावर. पडदा बघणारी मुलगी तोंड दाबून हसायला लागली. मग डॉक्टरीणबाई स्वतः आत गेल्या. दार उघडंच होतं, मी बाहेर माझ्या पाळीची वाट बघत पडले होते, मला ऐकू येत होतं.

"आजी, आता आम्ही बाहेर जाणार. दार उघडेपर्यंत कुणी काही विचारणार नाही. दुखलं तर नुसता हात वर करायचा."

"बोलनं सपलं का मंग?"

"संपलं."

"तुमचा पन?"

"आमचं पण."

"बरा. या मंग."

पाहुण्याला निरोप दिल्यासारखं तिने त्यांना बाहेर घालवलं. दार बंद झालं. बराच वेळ ते बंदच राहिलं. उघडलं तेव्हा मुलं धावली नाहीत, चालत गेली. ठकीबाई चाकाच्या खुर्चीतून बाहेर आली ती जांभई देत.

त्यानंतर तिचा एकही दिवस चुकला नाही. डॉक्टरीणबाईंनी माझे आभार मानले नाहीत, मीही त्यांचे मानले नाहीत. आरोग्यरथ दिवाळीत दोन दिवस बंद होता, कारण भाऊंना त्यातून फराळ वाटायचा होता. तेव्हा अरुणने कंपनीतून खाडा केला, कुणाची तरी गाडी मागून आणली, आधी खर्डीला जाऊन ठकीबाईला घेतलं आणि मग मला. वाटेत एक शब्द बोलला नाही. कसं वाटतंय, हे त्याने मला सगळ्या आजारपणात एकदाही विचारलं नाही. खड्डा आला की गाडी इतकी हळू घ्यायचा की मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या द्यायचे. मी त्या दिवशी जाळीखाली पडल्यावर अरुणला निवडायचं ठरवलं होतं. जमलं नाही. मग शिव्या देणाऱ्यांना निवडलं.

माझी गाठ दबली. पायांत मुंग्या आल्या, मग जोर आला. थंडी संपता संपता मी कॉलर काढून अंगणात फेऱ्या मारायला लागले, आणि माणसं पुन्हा जमून सांगायला लागली की हे श्वासामुळे झालं, पॉझिटिव्ह राहिल्यामुळे झालं, भाऊंमुळे झालं. दीर तर एकदा पाहुण्यांना सांगत होते, "मुरबाडच्या माणसानं निम्मं काम आधीच करून ठेवलं होतं." मी ऐकलं आणि सोडून दिलं. काही माणसांचा तिटकारा करण्यातही आपलाच वेळ जातो. दरवर्षी एकदा फोटो काढायचा, गाठ झोपलेली आहे ना ते बघायचं, एवढंच आता माझ्यामागे आहे.

ठकीबाई त्या वर्षी शेक संपवूनच मुलाबरोबर भट्टीवर गेली. नंतर आमची गाठ पडली नाही. माझ्याकडून चौकशी व्हायला हवी होती असं कुणाला वाटेल. पण चौकशी या गोष्टीविषयीचं माझं मत मी सांगितलेलंच आहे.

यंदा कापणी सुरू झाली त्याच आठवड्यात मी कामासाठी खर्डीला गेले होते. स्टेशनबाहेर रिक्षा बघत होते, तर भिवा समोर. डोक्यावर लाकडाची मोळी. त्याने मला ओळखलं, मोळी उतरवली.

"ताई, तुमी उभ्या हाव?" म्हणाला. त्याने मला कायम आडवीच पाहिलेलं.

"आई कशी आहे?" माझ्या तोंडून गेलंच.

"आये गेली ना. मागल्या कापनीला." तो खाली बसला. "पोटात पानी झाला. मोठ्या दवाखान्यात बोल्ले, आता लिवरात उतरलाय, काय करता येनार नाय."

"आणि पाय?"

"पाय बेस व्हतं. शेवटपत्तर. सरव्याला जायची ना." कापणी झाल्यावर खाचरात गळून राहिलेल्या लोंब्या वेचतात, तो सरवा. "जल्मात तिनी कवा सरवा सोडला नाय. मी बोल्लो, आये, कशाला आता? तं बोल्ली, उंद्रांना कशाला ठेवू. आदल्या दिशी गेली, वटी भरून लोंब्या आनल्या. सकालची उठली, भाईर जाऊन आली, आपली आपन. कोनाचा हात नाय धरला. आंगनात उन्हाला बसली. ती बसलीच."

मोळी पुन्हा डोक्यावर चढवायला मी त्याला हात लावला. 

घरी आले तेव्हा शोभाताई अंगणात भात पाखडत होत्या. तूस उन्हात उडत होतं. मी सांगितलं, ठकीबाई गेली म्हणून. त्यांनी सूप थांबवलं, चेहरा दुःखी केला. तो त्यांना चटकन करता येतो.

"अरेरे. म्हणजे गेलीच की शेवटी. मग एवढं रोजचं नेणं-आणणं, ते शेक नि काय... उपयोग काय झाला गं?"

"वर्षभर सरवा वेचायला, रानात, भट्टीवर, सगळीकडे स्वतःच्या पायांनी गेली," मी म्हणाले. "सकाळी बाहेरसुद्धा स्वतःची स्वतः गेली. मरायच्या दिवशीही."

"एवढ्यासाठी?"

"हो. एवढ्यासाठीच."

शोभाताई पुन्हा सूप हलवायला लागल्या. त्यांना काही कळलं असेल, असं मला मुळीच वाटत नाही.